कडेची ओळ

तीन दोऱ्या होत्या माझ्याकडे.
एकीला पाच सेंटिमीटरवर गाठ, एकीला दहावर, एकीला पंधरावर.
गाठ आली की वाकायचं, बी टाकायचं.
आर्सीच्या पठारावर, जूनमध्ये,
जेव्हा सकाळी बोललेला शब्द
वाफ होऊन तोंडासमोर थांबतो.

छत्तीस वाफे. तीन जाती, तीन अंतरं,
आणि तेच सगळं चार वेळा,
कारण जमीन एकदा विचारून खरं सांगत नाही.

शेत आद्दे गदिसेचं, केंद्राने हंगामापुरतं घेतलेलं.
ती बांधावर बसून बघत होती.
"माझी सासू पाऊल टाकायची, मूठ सोडायची."
मी म्हटलं, पावलाला गाठ मारता येत नाही.
ती हसली नाही.

पहिली जात उंच, दुसरी बुटकी,
दोघींना कागदावर नुसते आकडे.
तिसरी गदिसेच्या मडक्यातली.
तिच्यापुढे मी लिहिलं: स्थानिक.
गदिसे तिला सासूची म्हणते.

ऑगस्ट सरता सरता बाकला फुलला.
पांढऱ्या पाकळीवर काळी तीट,
आईच्या पोटातूनच लावून आलेली.
तरी दृष्ट लागलीच.
पाचच्या वाफ्यांत रोपं खेटून उभी,
बाजाराच्या घोडागाडीतल्या माणसांसारखी,
एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत.
दुपार झाली तरी आतलं दव सुकेना.
मग पानांवर तपकिरी ठिपके.
मग एका रात्री वारा,
आणि उंच जात आडवी,
एकीने मान टाकली म्हणून सगळ्यांनी टाकली.
बुटकी मात्र तशाच दाटीत
अंग चोरून उभी.

नोव्हेंबरात शेंगा काळ्या पडल्या.
गदिसेने पंधराच्या वाफ्यातून
सासूचं एक झाड मुळासकट उपटलं,
माझ्या नाकासमोर धरलं.
सहा फांद्या. मोजल्या मी, एक्केचाळीस शेंगा.
"जागा दिली की देते," ती म्हणाली,
जणू मी नाही म्हणत होतो.

नाही म्हणत नव्हतो. काटा म्हणत होता.
बुटकी, पाचवरची: झाडाला जेमतेम नऊ शेंगा,
आणि पोतं सगळ्यांत जड.
एका झाडाची श्रीमंती
वाफ्याच्या वजनात कुठे विरघळते
ते मला आकड्यांत दाखवता येतं.
तिला दाखवायला शब्द सापडले नाहीत.

कडेच्या ओळी आम्ही आधीच कापून बाजूला टाकल्या होत्या.
नियमच आहे, त्या धरायच्या नाहीत.
एका अंगाने त्यांना उजेड फुकट मिळतो,
म्हणून त्या वाढवून सांगतात.
"मग त्या कुणाच्या?"
तुझ्याच.
तिने सगळ्या झोडपल्या.
अडीच पोती निघाली, कुठल्याच रकान्यात नसलेली.

त्या संध्याकाळी चुलीवर कॉफी,
खापरावर भाजलेला बाकला, तडतडणारा.
"भावंडं किती तुम्ही?"
नऊ.
"तू कितवा?"
शेवटचा.
तिने माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत,
जसं मी रोपाकडे बघतो पट्टी लावण्याआधी.
"कडेचा," ती म्हणाली,
आणि माझा पेला पुन्हा भरला.

अहवाल गेला. त्यात बुटकीची शिफारस आहे,
दाट पेरावी असं.
उंच जातीबद्दल एक सावध वाक्य.
स्थानिकबद्दल: तुलनेसाठी.

पुढच्या जूनला दोऱ्या परत आणायला गेलो.
पाचची, पंधराची, व्यवस्थित गुंडाळलेली मिळाली.
दहाची शेतात होती.
खालच्या तुकड्यात बुटकी टाकलेली, दाट, अगदी अहवालाबरहुकूम.
वरच्या तुकड्यात ती स्वतः वाकलेली,
कमरेला मडकं,
आणि दोरीवर
एक आड एक गाठ सोडवलेली.

वीसचा रकाना आमच्याकडे नव्हता.
मी बांधावर बसलो.
ओली गाठ दातांनी सोडवावी लागते,
दोरीवर दातांच्या खुणा होत्या.